पोस्टिंगचं घड्याळ ओळखा: एमएलटीच्या विद्यार्थ्यांनी लॅब, अभ्यास आणि झोप यांचा मेळ कसा घालावा

आमच्या लॅबमध्ये दर काही महिन्यांनी विद्यार्थ्यांची नवी तुकडी पोस्टिंगला, म्हणजे एकेका विभागात प्रत्यक्ष काम शिकायला येते. कोणी बीएससी एमएलटीचं (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी) असतं, कोणी डीएमएलटीचं, म्हणजे त्याच विषयाच्या डिप्लोमाचं, कोणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीचं. अभ्यासक्रम वेगवेगळे, पण पंधरा दिवसांत सगळ्यांचा प्रश्न एकच होतो: "मॅडम, सकाळी साडेसातला इथे, दुपारी लेक्चर, संध्याकाळी जर्नल. मग अभ्यास कधी करायचा?"

माझं उत्तर असं, की पोस्टिंग आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या तर दिवस कधीच पुरणार नाही. शिवाय बहुतेक जण सहा महिन्यांसाठी एकच टाइमटेबल आखतात, आणि तिथेच गणित बिघडतं. लॅबच्या प्रत्येक विभागाचं घड्याळ वेगळं चालतं. कलेक्शनमध्ये सकाळ धावते आणि दुपार मोकळी असते. मायक्रोबायोलॉजीत एक सॅम्पल तीन दिवस चालतं. रक्तपेढीत तासभर शांतता असते आणि मग अचानक चार फोन येतात. पोस्टिंग बदललं की तुमचा दिनक्रमही बदलायला हवा. तो कसा बदलायचा ते पायरीपायरीने सांगते.

पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी

पहिलं काम हिपॅटायटिस बीच्या लसीचं. तिचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी, करून घ्यायचं. ते १० मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण मिळालं असं धरतात. म्हणजे हिशेब आठ महिन्यांचा आहे. दुसऱ्या वर्षाला सुई हातात येणार असेल तर लस पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यायला हवी. कॉलेज सांगेल म्हणून थांबू नका.

दुसरं, कॉलेजचं हजेरीचं परिपत्रक स्वतः वाचा. थिअरीची आणि प्रॅक्टिकलची हजेरी वेगवेगळी मोजतात का, पोस्टिंगची हजेरी कोण भरतं, लॉगबुकवर कोणाची सही चालते, हे तिसऱ्या महिन्यात कळून उपयोग नाही. इंटर्नल आणि सबमिशनच्या तारखा मिळाल्या की पोस्टिंगच्या वेळापत्रकाशेजारी एकाच कागदावर लिहा. दोन्ही शेजारी आले की कुठला आठवडा जड जाणार ते आजच दिसतं.

तिसरं, अ‍ॅप्रन दोन ठेवा. बेंचवर घातलेला अ‍ॅप्रन मेसमध्ये, बसमध्ये किंवा पलंगावर येता कामा नये. त्यासाठी वेगळी पिशवी ठेवा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवा. बूट पुढून बंद असलेले हवेत, चपला चालणार नाहीत.

कलेक्शन: सकाळ त्यांची, दुपार तुमची

कलेक्शनला आठ ते अकरा हा वेळ पूर्ण गर्दीचा. उपाशीपोटी आलेले लोक, त्यातले निम्मे लांबच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आलेले. जेवणानंतरच्या शुगरसाठी तेच लोक दोन तासांनी परत येतात. या वेळात अभ्यासाचा विचारही करू नका. सगळं लक्ष हातावर आणि ट्यूबवर ठेवा.

झाकणाच्या रंगाने ट्यूबचा क्रम पहिल्याच दिवशी पाठ झाला पाहिजे: आधी ब्लड कल्चरची बाटली, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. निळ्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की पीटी-एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्यांचा निकाल चुकतो, म्हणून ती खुणेपर्यंत भरावीच लागते. टूर्निकेट (दंडावर बांधायचा पट्टा) एका मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवायचं नाही. शीर सापडत नसेल तर सोडा, दुसरा हात बघा. दोनदा टोचूनही जमलं नाही तर सीनियरला हाक मारा. त्यात कमीपणा काहीच नाही.

नावाची खात्री कशी करता याकडे मी सगळ्यात जास्त बघते. नवी मुलं वॉर्डात जाऊन विचारतात, "पाटील का?" आपल्याकडच्या वॉर्डात तीन पाटील आणि दोन जाधव असणं नवलाचं नाही, आणि ऐकायला कमी येणारे आजोबा कोणत्याही प्रश्नाला मान हलवतात. म्हणून प्रश्न असा विचारा: "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा. वय किती? गाव कुठलं?" त्यांनी सांगितलेलं फॉर्मशी ताडून बघा आणि लेबल त्यांच्यासमोर, खाटेपाशीच लावा. खिशात पाच कोऱ्या ट्यूब भरून टेबलावर येऊन लेबलं लावणं, ही सवय पहिल्या दिवसापासून नको.

बारानंतर कलेक्शन ओसरतं. पाय दुखत असतात, तरी डोकं ताजं असतं. जर्नल पूर्ण करायला आणि मागे राहिलेलं लेक्चर वाचायला या पोस्टिंगइतका मोकळा वेळ पुढे मिळत नाही. सबमिशनचं जड काम याच महिन्यात उरकून घ्या.

बायोकेमिस्ट्री आणि हिमॅटॉलॉजी: वीस मिनिटांच्या फटी

इथे सलग वेळ मिळत नाही, फटी मिळतात. साध्या ट्यूबमधलं रक्त गोठायला अर्धा तास, सेंट्रिफ्यूजला दहा मिनिटं, मग मशीनवर रन. रक्ताच्या स्लाइडवर लिशमन स्टेन (पेशी दिसायला लागणारा रंग) टाकला की आधी दोन मिनिटं तसाच ठेवायचा, मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी घालून सात ते दहा मिनिटं. ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) वेस्टरग्रेन पद्धतीने लावला की बरोबर एक तास.

या फटीत जाडजूड पुस्तक उघडू नका, मन लागत नाही. खिशात छोटी वही ठेवा आणि समोर जे चाललंय त्याचाच एक प्रश्न घ्या. सकाळी क्यूसी (मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी) लावलं असेल तर लेव्ही-जेनिंग्ज चार्ट हाताने काढा: मधली रेघ सरासरीची, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) रेघा. आजचा ठिपका कुठे पडला? एक ठिपका ३ एसडीच्या बाहेर गेला तर रन थांबवायची. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला २ एसडीच्या पलीकडे गेले तरी थांबवायची. लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडू लागले तर कॅलिब्रेशन किंवा रिएजंट हळूहळू सरकतंय. वेस्टगार्डचे हे नियम व्हायवात हमखास विचारतात. आपल्याच मशीनवर रोज बघितले असतील तर ते घोकावे लागत नाहीत.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण या लेखाचं मूळ तिच्यात आहे. दुसऱ्या वर्षाला बायोकेमिस्ट्रीच्या पोस्टिंगला असताना महिनाभराचं जर्नल मी एका रात्रीत लिहिलं. पहाटे चारला झोपले, साडेसातला बेंचवर उभी. एका आजींच्या पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी होतं आणि जांभळ्या ट्यूबमध्ये जास्त. मी जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं. त्या क्षणी त्यात काही चुकतंय असं मनातसुद्धा आलं नाही. पोटॅशियम खूप वर, ८.९ आलं आणि कॅल्शियम खूप खाली, ५.१. सीनियर टेक्निशियन सरांनी कागद हातात घेतला, अल्कलाइन फॉस्फेटेजही खाली आहे हे बघितलं, आणि मला एवढंच विचारलं, "जांभळी ओतलीस का पिवळीत?"

जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियमचं असतं, म्हणून पोटॅशियम वर जातं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून कॅल्शियम खाली. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियमही ते काढून घेतं. ट्यूबचे रंग मला परीक्षेत तोंडपाठ होते. आजी वॉर्डात शांतपणे चहा पीत बसल्या होत्या. तो आकडा सरांनी अडवला नसता, तर त्यांच्यावर पोटॅशियम उतरवायचे उपचार सुरू झाले असते. दुसरं सॅम्पल घेतलं, सगळं नॉर्मल आलं.

म्हणून झोपेचा हिशेब मी रुग्णाच्या बाजूने मांडते. जर्नल उशिरा दिलं तर पाच मार्क जातील. झोप न घेता बेंचवर उभं राहिलं तर काय जाईल ते आधी सांगता येत नाही. जर्नल रोजच्या रोज लिहा. त्या दिवशी केलेल्या टेस्टचं तत्त्व, पद्धत आणि नॉर्मल रेंज लिहायला अर्धा तास पुरतो.

मायक्रोबायोलॉजी: इथे सुट्टी जपून घ्या

हा विभाग सगळ्यात जास्त शिकवतो, आणि खाडे सगळ्यात जास्त याच विभागात होतात. "आज फक्त प्लेट लावल्या, उद्या नाही गेलं तरी चालेल," असं मुलांना वाटतं. पण आज लावलेली प्लेटच उद्या बोलते.

एक लघवीचं सॅम्पल धरा. सोमवारी तुम्ही ०.००१ मिलिलिटरच्या लूपने (मोजकं सॅम्पल उचलणाऱ्या कडीने) ते मॅकॉन्कीच्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर लावलं आणि ३७ अंशांवर ठेवलं. मंगळवारी सकाळी झाकण उचललं तर गुलाबी, गोल वसाहती. मोजा. लूप हजारावा भाग घेतं, म्हणजे प्लेटवर शंभर वसाहती असतील तर मिलिलिटरमागे एक लाख. पुस्तकातला दहाचा पाचवा घात तो हाच. त्यातलीच एक वसाहत घेऊन ग्रॅम स्टेन करायचा, बायोकेमिकल टेस्ट लावायच्या, ०.५ मॅकफर्लंड या गढूळपणाच्या मापाइतकं द्रावण करून म्युलर-हिंटनच्या प्लेटवर पसरवायचं आणि अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या. बुधवारी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मोजपट्टीने मोजायचं, तेव्हा रिपोर्ट पूर्ण होतो. मंगळवार चुकला तर सोमवारचं लावणं आणि बुधवारचं मोजणं दोन्ही अधांतरी राहतात.

म्हणून या पोस्टिंगमध्ये रोज एकच सॅम्पल आपलं माना. त्याचा लॅब नंबर वहीत लिहा आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे राहा. रुग्णाचं नाव वहीत लिहायचं नाही. लेबल दिसणारे प्लेटचे किंवा स्लाइडचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. तो रुग्ण तुमच्याच गावचा असू शकतो.

शनिवारी लावलेल्या प्लेटचं काय होतं हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी रविवारी कोणीतरी थोड्या वेळासाठी येतं. पोस्टिंगमधला एक रविवार तुम्ही दिला तर टेक्निशियन निवांत असतात, चार प्रश्नांची सविस्तर उत्तरं मिळतात. त्याच्या बदल्यात आठवड्यातली एक दुपार मागून घ्या. गावी जायचं असेल तर दोन पोस्टिंगच्या मधल्या दिवसांत जा, कल्चर अर्धवट टाकून नको.

क्षयाचे जंतू शोधायचा झेडएन स्टेन करताना स्लाइडवरचा कार्बोल फ्यूशिन हा रंग खालून तापवायचा, उकळू द्यायचं नाही, वाफ निघाली की ज्योत बाजूला. हे काम मोबाइल खिशात वाजत असताना होत नाही. बेंचवर मोबाइल नकोच. ज्या ग्लव्ह्जनी थुंकीची डबी धरली त्यांनीच फोन उचलला जातो आणि तो फोन रात्री उशाशी येतो.

हिस्टोपॅथॉलॉजी आणि रक्तपेढी

हिस्टोपॅथॉलॉजीत रुग्णाच्या ऊतींचे तुकडे रात्रभर प्रोसेसरमध्ये असतात आणि सकाळी मेणात बसवायचे असतात, त्यामुळे उशीर चालत नाही. मायक्रोटोम या काप करणाऱ्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रॉनची पट्टी कापणं वाचून येत नाही, हात बसावा लागतो. रोज दोन ब्लॉक मागून घ्या. संध्याकाळ मात्र बहुधा मोकळी मिळते.

रक्तपेढीत रात्रपाळी मिळत असेल तर घ्या. रात्री काम कमी आणि शिकवणारा माणूस शेजारीच. लाल पेशी २ ते ६ अंशांवर, प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवून पाच दिवस, हे आकडे फ्रीजच्या दारासमोर उभं राहून पाठ करा. आणि ग्रुपिंग करताना रिव्हर्सला (रुग्णाचा प्लाझ्मा माहीत असलेल्या पेशींशी तपासताना) ओ पेशी का लावतात ते विचारल्याशिवाय ती पाळी संपवू नका. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो रक्तगट नोंदवला, तो बॉम्बे गट फॉरवर्डमध्ये (रुग्णाच्या पेशी तपासताना) हुबेहूब ओ दिसतो. त्यात ओ पेशींवर असणारा एच अँटिजनच नसतो, म्हणून त्याचा प्लाझ्मा ओ पेशींच्याही गुठळ्या करतो. ओ पेशींची ती एक ट्यूब लावायची राहिली तर अशा रुग्णाला ओ रक्त दिलं जाईल, आणि ते त्याच्या जिवावर बेतेल.

रात्रपाळी संपली की आधी झोप. त्याच दिवशी दहाच्या लेक्चरला बसायचा आग्रह धरू नका, शिक्षकांना आधी सांगून ठेवा. आणि रात्रभर जागल्यावर दुचाकी चालवत घरी जाऊ नका, बस किंवा रिक्षा करा.

रोजची तीन ओळींची वही

पोस्टिंगहून आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन तीन ओळी लिहा: आज हाताने काय केलं, आज काय चुकलं किंवा चुकताना दिसलं, आणि आज न समजलेली एक गोष्ट. मग त्या न समजलेल्या गोष्टीवर चाळीस मिनिटं वाचन करा. आज हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेलं) सॅम्पल परत पाठवलं असेल तर हिमोलिसिसचा धडा आज वाचा, पुढच्या महिन्यात त्याचा क्रम येईल तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेंचवर तोच प्रश्न विचारा. वाचून आलेल्या मुलाला शिकवायला कोणताही टेक्निशियन नाही म्हणत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे. लॉगबुकातल्या नोंदीही याच वहीतून उतरतात.

इंटर्नल आणि पोस्टिंग एकाच आठवड्यात आलं तर

आदल्या दिवशी गैरहजर राहून नंतर कारण सांगू नका. आठ दिवस आधी इन्चार्जकडे जा आणि अदलाबदल सुचवा: "सर, पुढच्या गुरुवारी आमची इंटर्नल आहे. त्या दिवशी माझ्याऐवजी माझी मैत्रीण सकाळी येईल, मी शनिवारी तिची पाळी करते. चालेल का?" नुसती सुट्टी मागितली की नकार मिळतो. काम कोण करणार हे सांगून मागितली की बहुतेक वेळा होकार येतो. ठरलेलं कागदावर लिहून सही घ्या, म्हणजे हजेरीचा घोळ होत नाही.

जड आठवड्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात. गॅदरिंगची तालीम, सजवलेल्या आकृत्या, दुसऱ्यांदा नोट्स उतरवणं हे सोडा. लेबल ताडणं, हात धुणं, क्यूसी बघणं आणि स्लाइड खरोखर पाहूनच नोंद करणं, हे कधीच सोडायचं नाही. थकवा आला म्हणून लघवीची स्लाइड न बघता "काही आढळले नाही" असं लिहिणं ही खोटी साक्ष आहे. जमत नसेल तर "सर, आज डोळे साथ देत नाहीत, तुम्ही एकदा बघाल का?" असं सांगा.

सुई टोचली तर

हे कोणालाही होऊ शकतं आणि सगळे लपवतात, म्हणून वेगळं लिहिते. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. तरी टोचलीच तर बोट तोंडात घालू नका, पिळू नका, त्यावर ब्लीच ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच क्षणी इन्चार्जला सांगा. रुग्ण कोण होता ते लक्षात ठेवा. एचआयव्हीचा धोका असेल तर औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करतात, ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग नसतो, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. सर रागावतील या भीतीने मुलं संध्याकाळपर्यंत गप्प बसतात आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. रागावू द्या. पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: सुई टोचली तर इथे कोणाकडे जायचं, आणि रात्री कोणाकडे?

पोट आणि पैसा

मेसचा नाश्ता आठला आणि तुम्ही साडेसातला बाहेर, ही हॉस्टेलची कायमची अडचण. मेसच्या मावशींशी बोलून आदल्या रात्रीच्या दोन पोळ्या आणि भाजी बांधून घ्या, नाहीतर शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, केळी ठेवा. लॅबच्या फ्रीजमध्ये डबा कधीच ठेवायचा नाही, त्यात रिएजंट आणि सॅम्पल असतात. ग्लव्ह्ज काढून, हात धुऊन, अ‍ॅप्रन उतरवून, लॅबच्या बाहेर बसून खा.

पैशांची गरज असलेली मुलं खासगी लॅबसाठी पहाटे घरोघरी सॅम्पल गोळा करायला जातात. गरज खरी असते, मी नाही म्हणणार नाही. पण कलेक्शनचं पोस्टिंग पूर्ण होऊन हात बसायच्या आधी जाऊ नका, आठवड्याला दोन-तीन सकाळींपेक्षा जास्त घेऊ नका, आणि टोचलं तर उपचाराचा खर्च कोण करणार हे ठरल्याशिवाय सुई हातात धरू नका. कॉलेजमध्ये 'कमवा आणि शिका' योजना असेल तर आधी तिची चौकशी करा, तिथले तास अभ्यासाला धरून असतात.

पोस्टिंगचा शेवटचा आठवडा

सह्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. इन्चार्ज रजेवर जातात, बदली होते, आणि मग महिनाभर एका सहीसाठी फेऱ्या पडतात. सोमवारीच लॉगबुक पुढे ठेवा. राहिलेल्या दिवसांत ज्या दोन टेस्ट अजून स्वतःच्या हाताने केल्या नाहीत त्या मागून घ्या. आणि पुढच्या विभागात आत्ता जो मित्र किंवा मैत्रीण आहे, तिच्याशी अर्धा तास बसा: तिथे सकाळी किती वाजता काम सुरू होतं, गर्दी कधी ओसरते, कोण मनापासून शिकवतं, डबा कुठे खाता येतो. त्यावरून रविवारी नव्या महिन्याचा कागद आखा आणि पलंगाशेजारी चिकटवा.